कवडूचं तोंड

कवडू गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तेरवीच्या दिवशी पाट मांडला, त्यावर पांढरं वस्त्र घातलं, शेजारचे आनंदराव झेंडूचा हार घेऊन आले आणि इकडेतिकडे पाहू लागले. "फोटो कोठी हाये मास्तर?" त्यांनी विचारलं, तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं. हार शेवटी पोराच्या दप्तराला घातला. दप्तराला हार घातलेला पाहून बायका जास्तच रडल्या.

बाप ड्रॉइंग मास्तर आणि घरात पोराचं साधं एक चित्र नसावं, हे ऐकून कोणालाही चमत्कारिक वाटेल. पण शिंप्याचा स्वतःचा सदरा उसवलेलाच असतो. विश्वनाथ मास्तर दिवसभर शाळेत फळ्यावर मडकी, केळी आणि कमळं काढत, पोरांच्या चित्रांवर लाल पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा करत आणि संध्याकाळी नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन हातपाय धुऊन भाकरीला बसत. जलरंगांचा एक चांगला डबा त्यांनी लग्नाआधी हौसेनं घेतला होता, तो फळीवर धूळ खात होता. कवडूचं चित्र काढू, काढू म्हणता नऊ वर्षं गेली. पोर कुठं पळून जात होतं? फोटोचंही तसंच. शाळेत वर्गाचा फोटो निघाला होता, नाही असं नाही. पण फोटोवाल्यानं नेमकं बटण दाबलं आणि कवडूला जमिनीवर काहीतरी चमकताना दिसलं. तो वाकला. फोटोत त्याचा नुसता भांग आला.

हे पोर चालायचंच मुळी खाली पाहत. रस्त्यावर पडलेलं जे दिसेल ते उचलायचं, चड्डीला पुसायचं आणि खिशात घालायचं. त्याची आत्या पंचफुलाबाई धुणं धुताना खिसे उलटे करायची आणि डोक्याला हात लावायची. "जित्याची खोड" म्हणून तिनं त्याला हजारदा टोकलं असेल. त्या म्हणीचा उरलेला अर्धा भाग तेव्हा कोणाच्या मनातही आला नव्हता.

पंचफुलाबाई ही मास्तरांची थोरली बहीण. खाप्याला दिलेली, नवरा लवकर गेला, पोटी काही नाही. मास्तरांची बायको रुख्मिणी तिसऱ्या बाळंतपणात गेली. आधीची दोन्ही लेकरं पाळण्यातूनच गेलेली. तिसरं हाती आलं तेव्हा पंचफुलाबाई खाप्याहून आली, तिनं बाळाला सुपात घातलं, भावाच्या तळहातावर एक कवडी ठेवली आणि लेकरू त्याच्याकडून विकत घेतलं. ज्याची लेकरं जगत नाहीत त्याचं लेकरू असं दुसऱ्यानं विकत घ्यायचं, म्हणजे काळाला पत्ता लागत नाही, अशी तिकडची रीत. शाळेत पोराचं नाव रवींद्र होतं, पण घरात आणि गल्लीत तो कवडूच. काळाला नऊ वर्षं पत्ता लागला नाही. सदुसष्ट साल लागलं तशी थंडीत पोराच्या अंगात ताप भरला, ताप डोक्यात गेला, आणि आठवडाही धकला नाही.

तेरवी झाल्यावर मास्तरांनी फळीवरचा रंगांचा डबा खाली काढला. पोराचं तोंड कागदावर उतरवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही नको. पण इथंच गाडी अडली. समोर वस्तू असल्याशिवाय काढणं त्यांच्या हाताला जमतच नव्हतं, आणि हे ते शाळेत पोरांनाही सांगत. "पाहा आणि काढा. न पाहता काढाल तर खोटं निघेल." आता पाहायचं कोणाकडं? आठवून आठवून त्यांनी काढलं तर कागदावर कॅलेंडरातला बाळकृष्ण आला. पुन्हा काढलं, तर शाळेतलंच कोणतरी पोर आलं. मास्तरांनी ते सगळे कागद फाडून चुलीत घातले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग होळीच्या सुमारास एके सकाळी ते उठले आणि त्यांनी कवडूचा डबा काढला. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. त्यात पोराची सगळी दौलत. टांग्याच्या घोड्याची नाल, सोड्याच्या बाटलीतली काचेची गोळी, कोष्ट्यांचा माग मोडला तेव्हा मिळालेला धोटा, किल्ली नसलेलं कुलूप आणि असलंच काय काय. मास्तर खिडकीशी बसले. एक पांढरी बशी घेतली, तीत नाल ठेवली. कागद ओला केला आणि आधी नालेची सावली काढली, मग नाल.

"हे काय करून राहिला गा विसू?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"नाल काढून राहिलो, बाई."

"घोड्याची नाल?"

"त्यानं आणली होती ना ती. मले दाखवली होती."

माणूस भिंतीकडून खिडकीकडे वळला, हेच पंचफुलाबाईला पुष्कळ वाटलं. नालेचा गंज इतका हुबेहूब उतरला होता की मास्तर आंघोळीला गेल्यावर तिनं हळूच नख लावून पाहिलं. बोटाला तांबूस रंग लागला. तो तिनं पदराला पुसला आणि उगीचच तिला बरं वाटलं.

दोनतीन चित्रं अशीच झाली. मग सोड्याच्या गोळीचं चित्र झालं, आणि त्यात गोळी बशीत नव्हती. दोन बोटांत धरलेली होती. लहान बोटं, अंगठ्याच्या नखात काळी मळी. पंचफुलाबाई चहा घेऊन आली होती, तो तिच्या हातून तिथंच सांडला.

"विसू, हे कोणाचं बोट हाये?"

"तुले कोणाचं वाटते?"

"समोर तर नुसती गोळी हाये. मंग बोट कोठून पाहिलं तू?"

मास्तरांनी ब्रश पाण्यात बुडवला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "गोळीकडं पाहत राहिलं का बोट दिसते, बाई. त्यानं उजेडात धरून मले दाखवली होती ना, तशीच दिसते. मी मनचं नाही काढून राहिलो. एकेक वस्तू घेतली का पोट्टा थोडा थोडा येते. येऊ दे त्याले. तोंडापर्यंत येईन तो."

त्या दिवसापासून घरात एकच काम सुरू झालं. वस्तू संपत नव्हत्या आणि मास्तर घाई करत नव्हते. धोट्याच्या चित्रात तळहात आला. कुलूप पोरानं सुतळीनं मनगटाला बांधून आठवडाभर मिरवलं होतं, त्या चित्रात मनगट आलं आणि मनगटावरचा काळा दोराही आला. संत्र्याच्या पेटीची एक फळी त्यानं छातीशी धरून आणली होती. त्या चित्रात सदरा आला. तो पंचफुलाबाईनं हातानं शिवलेला सदरा होता. चार गुंड्या पांढऱ्या आणि एक काळी, कारण पाचवी पांढरी मिळाली नव्हती. ती काळी गुंडी पंचफुलाबाईला दिसली. त्या गुंडीवरून पोर किती भांडलं होतं तिच्याशी! तिनं ओल्या कागदावरच हात फिरवला, गुंडीचा रंग थोडा ओघळला, आणि मास्तर तिला एका शब्दानं बोलले नाहीत.

कौतुक वाटायचं तिला, आणि तितकंच भ्यावही वाटायचं. कारण पोर जसजसं कागदावर भरत होतं, तसतसा बाप वाळत होता. मे महिन्यात नागपुरात जलरंग म्हणजे तव्यावर पाणी. ब्रश कागदाला टेकेपर्यंत रंग सुकायचा. म्हणून मास्तर फटफटायच्या आधी उठून खिडकीला ओलं धोतर बांधून बसत, आणि त्या ओल्या झुळकीनं त्यांना खोकला धरला. तो पावसाळ्यातही सुटला नाही. शाळा उघडली तर हे आज उशिरा, उद्या रजा. ताटातली भाकरी तशीच्या तशी राहायची. गालांची हाडं वर आली. पंचफुलाबाई ओरडायची, हातापाया पडायची, अडुळशाचा काढा करून पुढं ठेवायची. मास्तर म्हणत, "थोडंच राहिलं वं बाई."

आनंदरावांची बायको बायजाबाई एकदा मीठ मागायला आली आणि भिंतीशी लावून ठेवलेली चित्रं पाहून उंबऱ्यातच थबकली. त्यात एक नीळकंठ पाखराच्या पिसाचं होतं. पीस पोरानं कानाला अडकवलं होतं, म्हणून चित्रात कान आला होता, कानामागचे केस आले होते, मानेचा थोडा भाग आला होता. बायजाबाईनं मीठ घेतलं नाही. पंचफुलाबाईला मोरीजवळ ओढून नेऊन ती म्हणाली, "बाई, गेलेल्याले असं बोलवू नाही. आज कान आला, उद्या तोंड येईन. तोंड आलं का तो पुरा आला. अन् आलेला एकटा परत जात नसते. तुह्या भावाची तब्येत पाह्य जरा."

जे पंचफुलाबाईच्या मनात होतं पण बोलायची तिची छाती होत नव्हती, तेच शेजारीण बोलून गेली. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात. इथं तर काळ कोवळं पोर नेऊन सोकावला होता. विकत घेतलेलं लेकरू त्यानं नेलं, आता भाऊ न्यायला त्याला कितीसा वेळ? आणि भाऊ गेला तर तिला तरी कोण होतं?

अशात पोळा आला. दाराशी पळसाच्या फांद्या ठेवल्या, संध्याकाळी बैल ओवाळले, गल्लीतली पोरं ओरडत बैलांमागं धावली. आणि काय आश्चर्य, मास्तर त्या दिवशी पुरणपोळीला बसले आणि एक संपवून दुसरी घेतली. पंचफुलाबाई तूप वाढता वाढता त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"उद्या काच काढतो बाई," ते म्हणाले.

"कोणती काच?"

"चश्म्याची. गांधीबागेत सापडली होती त्याले, कोणाच्या तरी चश्म्यातली. मी मुद्दाम मागं ठेवली ती. बाकी सारं हातात धरलं त्यानं, पण काच डोळ्याले लावली. एक डोळा मिटला, दुसऱ्यावर काच धरली अन् म्हणे, बाबा, तुम्ही केवढेसे दिसता! काच पाहिली का डोळा दिसणारच. डोळा आला का तोंड आलंच. उद्या येते पाह्य तो."

बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती इतका वेळ राहिली की पंचफुलाबाईनं तुपाची वाटी खाली ठेवून त्यांची पाठ चोळली. पाठीची एकेक हाडकी तिच्या हाताला लागली. तिनं तेव्हाच ठरवलं.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबतीचा. नागपुरात त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, वाजतगाजत निघतात, सगळं शहर रस्त्यावर येतं. पण खाप्याकडच्या बाया मिरवणुकीची वाट पाहत नाहीत. दिवस उगवायच्या आत दारातल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या, त्यांच्यासोबत घरातलं मोडकंतोडकं घ्यायचं आणि वस्तीबाहेर नेऊन टाकायचं. घरातली सगळी पीडा त्याच्याबरोबर जाते. पंचफुलाबाई नागपुरात आल्यापासूनही हे दरवर्षी करायची. त्या सकाळी तिनं पळसाच्या फांद्या घेतल्या, झिजलेला खराटा घेतला, फाटकी चप्पल घेतली. मग ती आत आली. मास्तर झोपले होते, झोपेतही त्यांच्या छातीत घरघर वाजत होती. तिनं फळीवरचा कवडूचा डबा काढून फांद्यांखाली घातला. चित्रं भिंतीशीच होती. त्यांना मात्र तिचा हात धजला नाही. त्यांत पोराची बोटं होती.

नाग नदीला त्या वर्षी बरं पाणी होतं. रात्रीच्या पावसानं ती गढूळ होऊन दोन्ही काठ धरून चालली होती. आणखी दोनचार बाया येऊन आपापलं टाकत होत्या. पंचफुलाबाईनं फांद्या टाकल्या, खराटा टाकला, आणि डबा दोन्ही हातांनी उचलून घसा फुटेस्तोवर ओरडली, "ईडा, पीडा, खासी, खोकला घेऊन जाय गे मारबत!" डबा लगेच बुडाला नाही. गिरक्या घेत तो पुलाच्या कमानीपर्यंत गेला आणि मग दिसेनासा झाला. रीतीप्रमाणे मागं वळून पाहायचं नसतं. ती वळून पाहत नाही म्हणता म्हणता सबंध वेळ पाहतच होती.

घरी येऊन तिनं पाय धुतले आणि चहा टाकला. मास्तर उठले होते. त्यांनी कागद ओला करून पाटाला चिकटवला होता, बशी पुसून खिडकीत ठेवली होती, पाण्याचा पेला भरला होता. मग ते फळीकडे गेले. फळीवर डब्याच्या बुडाएवढा चौकोन धुळीशिवाय राहिला होता.

"बाई, डबा कोठी हाये?"

पंचफुलाबाईला खोटं बोलता आलं असतं. उंदरानं पाडला म्हणता आलं असतं, चोर आला म्हणता आलं असतं. पण ती तोंडानं फटकळ असली तरी खोटी नव्हती.

"मारबतीसंगं देला," ती म्हणाली. "नदीत सोडला. तू मरून राहिला विसू, मले दिसते. तो तुले न्याले येऊन राहिला. पोट्टा तर गेला, आता तुले नाही जाऊ देत मी."

मास्तर अनवाणीच बाहेर पडले. तोवर रस्त्यांत मारबतीची गर्दी सुरू झाली होती, ढोल वाजत होते, कोणी पळस नाचवत होतं. त्या गर्दीतून ते नदीवर गेले, पुलापलीकडे काठाकाठानं किती चालले कोणास ठाऊक. ऊन तापल्यावर परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. खिडकीतला कागद सुकून कडक झाला होता. त्यांनी तो पाटावरून काढला, रंगांचा डबा मिटला आणि दोन्ही पुन्हा फळीवर ठेवले.

"शिव्या दे मले," पंचफुलाबाई म्हणाली. "मार. पण बोल काहीतरी."

"जेवाले वाढ," मास्तर म्हणाले.

त्यांच्या मनात राग असता तर तिनं झेलला असता. तिच्या सासूनं तिला आयुष्यभर पुरेल एवढी सवय लावून ठेवली होती. पण रागही नव्हता. आनंदरावांना राहवलं नाही, त्यांनी आपला जुना चष्मा मोडून त्यातली काच आणून दिली. मास्तरांनी ती बशीत ठेवून दोन दिवस तिच्याकडे पाहिलं आणि नीट पुसून परत केली. "काच चांगली हाये आनंदराव," ते म्हणाले, "पण यातून त्यानं मले पाहिलं नाही."

आणि मग, काय सांगावं, मास्तर बरे झाले. खोकला दसऱ्याच्या आत गेला. शाळा नियमित सुरू झाली, फळ्यावर पुन्हा मडकी, केळी आणि कमळं निघू लागली. ताटात वाढलेलं सगळं ते खात. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, पंचफुलाबाईनं भाऊ वाचवला, मारबतीनं पीडा नेली. बायजाबाईनं तर तिच्या पायाला हात लावला. करायला गेली ते तिनं केलंच होतं, त्यात काही खोट नव्हती. भाऊ जिवंत होता. फक्त तो संध्याकाळी घरी आला की दारातल्या खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे पाही, आणि दिवा लावला तरी पाहतच राही. कवडूचं नाव मास्तरांनी त्या दिवसापासून एकदाही काढलं नाही.

पंचफुलाबाईनं स्वतःची समजूत घातली होती. माणूस राहिलं पाहिजे, चित्रांचं काय. ही समजूत दिवाळीपर्यंत टिकली. दिवाळीत ती करंजीचं सारण परतत बसली होती. कवडूला सारण चोरून खायची सवय. पाठीमागून यायचा, मूठ भरायचा आणि तोंड फुगवून उभा राहायचा. फुगलेलं तोंड. तिनं ते डोळ्यांपुढं आणायला पाहिलं, आणि ते आलं नाही. सदऱ्याची काळी गुंडी आली, अंगठ्याच्या नखातली मळी आली, कान आला. कानाच्या पुढं काहीच नव्हतं, कोरा कागद. तिनं डोळे मिटून घेतले, पुन्हा पाहिलं, कढईत सारण करपलं. जे चित्रात आलं होतं तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं. बाकीचं कधी गेलं ते तिला कळलंही नव्हतं.

तिला वाटलं होतं, ते तोंड फक्त भावाला हवं होतं. नऊ वर्षं ज्याला छातीशी धरून निजवलं, त्याचं तोंड आपल्याला कोणी काढून द्यायला लागेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. करपलेल्या कढईपुढं बसून ती ओक्साबोक्शी रडली. आता ते पुन्हा कुठून आणायचं, या विचारानं तिनं ती रात्र कशी काढली तिलाच ठाऊक.

सकाळी तिनं न्हाऊन घेतलं, धुतलेलं लुगडं नेसली, खिडकीतली जागा झाडली आणि तिथं पाट टाकून स्वतःच बसली.

"विसू, रंग काढ."

मास्तर चहा पीत होते. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

"सारे म्हणत का नाही, पोट्टा आत्यावर गेला म्हणून? रुख्मिणीची माय म्हणे, आपली माय म्हणे, बारशाले तर सारेच म्हणत होते. हे कपाळ, हे नाक, माह्या तोंडावरच तर होतं त्याचं तोंड. मले पाह्य अन् त्याले काढ. समोर असल्याबिगर तुले येत नाही ना? मी हाये समोर."

मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि फळीवरून रंग काढले. त्यांनी कागद ओला केला आणि ब्रश धरला.

पंचफुलाबाईकडे इतक्या निरखून कोणी कधी पाहिलं नव्हतं. विधवा बाईकडे पाहायचं नसतं, आणि नवरा होता तेव्हा त्यानंही पाहिलं नव्हतं. तिला लाजल्यासारखं झालं, तरी ती हलली नाही. मास्तर पाहत होते आणि काढत होते. "हनुवटी त्याचीच हाये," ते एकदा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "डावी भुवई जराशी वर हाये तुही. त्याचीही होती. मी विसरलोच होतो." त्यांचा आवाज बदलला होता. पंचफुलाबाईच्या काळजात आशा उसळली. तिनं तोंड होईल तितकं मऊ केलं, पोरासारखं केलं, आणि डोळ्यांतलं पाणी आतल्या आत परतवलं. पाणी आलं तर डोळे चुकतील, अशी तिला धास्ती होती.

उन्हं पायरीवरून खाली उतरली तेव्हा मास्तरांनी ब्रश ठेवला. चित्राचा पाट तिच्याकडे वळवला आणि स्वतः मान खाली घातली.

पंचफुलाबाईनं पाहिलं. कपाळ कवडूचं होतं. भुवई कवडूची, हनुवटी कवडूची. डोळ्यांत ते खोडकर पाणीही होतं, ते कुठून आलं देव जाणे. पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, गाल बसले होते, ओठांच्या कोपऱ्यांपासून सुरकुत्या खाली उतरल्या होत्या आणि कपाळावरच्या केसांत पांढरं होतं. तो पांढरा रंगही लावलेला नव्हता, तिथं कागदच मोकळा सोडला होता.

"सुरकुत्या काहून काढल्या गा? सोडून द्याच्या ना!"

"सोडून पाहिल्या, बाई. सोडल्या का कोणाचंच तोंड राहत नाही."

ती पाहत राहिली. शेजारी कोणाच्या तरी घरी पोरं फटाके उडवत होती, तिला ऐकू येत नव्हतं.

"हा कवडूच हाये," ती हळूच म्हणाली. "म्हातारा झालेला."

"हव. इतका जगला असता तर असाच दिसला असता."

"अन् माहा लहानगा? तो कोठी हाये, विसू?"

मास्तरांनी पेल्यातलं रंगाचं पाणी मोरीत ओतलं. जानेवारीपासून त्यांच्या तोंडून पुढचा शब्द कधी निघाला नव्हता. इतके दिवस ते, येऊ दे, येईन, येते पाह्य, असंच म्हणत आले होते.

"तो गेला, बाई," ते म्हणाले, आणि बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागले.